जास्तीचा एक भाग

९ नोव्हेंबर

प्रिय खडू,

आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा सकाळी कुरकुरतो आणि दुपारी गप्प बसतो, म्हणजे नेहमीसारखंच. पडद्यांचं मोठं काम आलंय, एका दवाखान्याचं. सगळे पडदे एकाच फिकट हिरव्या रंगाचे. खोलीभर पसरलेत, त्यामुळे घरच आजारी असल्यासारखं दिसतंय.

तुझं पार्सल मिळालं. बाबांचा कोट, त्यांचं घड्याळ आणि तुझी कंपासपेटी. चिठ्ठी सापडली नाही. कोटाच्या खिशांतही पाहिलं. थंडीच्या तोंडावर कोट कशाला परत पाठवलास? बाही उसवली असेल म्हणून उलटी करून पाहिली, तर शिवण शाबूत आहे. घड्याळ चालू आहे. कंपासपेटी कपाटात ठेवली आहे, लागली की सांग. तुझ्या खोलीत जागा होत नसेल म्हणून पाठवलं असशील असं मी धरून चालते.

प्रकाशकांनी ‘मिठाचा मनोरा’चा बारावा भाग पाठवला. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी पुस्तकांवर त्यांचं नाव येतंच आहे. प्रकाशक म्हणतात, बाबांच्या टिपणांवरून कुणी एक हुशार माणूस लिहितो, त्याचं नाव सांगायचं नाही असं ठरलंय. मी जास्त विचारलं नाही.

पुस्तक इतकं जाड आहे की मांडीवर घेतलं तर पायाला मुंग्या येतात. इस्त्रीच्या टेबलावर ठेवून उभ्याने वाचते. माझं मत तुला ठाऊक आहे. राणीने मनोऱ्यावर जाऊन विझलेला दिवा लावायचा, एवढीच गोष्ट. पाचव्या भागाच्या शेवटी ती मनोऱ्याच्या दारात उभी असते. लाव की बाई दिवा आणि सोड आम्हाला. पण नाही, दार उघडतं आणि आत आणखी एक रस्ता. मग सहाव्या भागात घोड्यांच्या खानदानाची वीस पानं. आठव्यात सगळे जंगलात, आणि पाचशे पानांत घडतं काय, तर बर्फ पडतो. मी बाबांना म्हटलं होतं, “अहो, एवढ्या वेळात तुमची राणी माहेरी जाऊन बाळंत होऊन परत आली असती.” ते हसले आणि नववा लिहायला बसले.

बारावा निम्मा झालाय. बाबांची लांबण वेगळी होती. त्यात माणसं खायची, भांडायची, एकमेकांची उणीदुणी काढायची. ह्यात कुणी हसत नाही. शेजारच्या खोलीत कुणी निजलंय असं समजून बोलल्यासारखे सगळे हळू बोलतात. एका म्हाताऱ्या राजाचं आजारपण आहे. आडवं केलं की त्याचा श्वास कोंडतो, म्हणून बायको चादरीची घट्ट गुंडाळी करून त्याच्या डाव्या बरगडीखाली लावते. उशी नाही, गुंडाळी. तिथे मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ पडदे शिवले.

अकराव्या भागापासून एक नकाशेवाला आलाय. तरुण आहे, एकटा असतो, कमी बोलतो. तो मला आवडतो.

पण एकंदरीत पुरे झालं. जो कुणी लिहीत असेल त्याला निरोप धाडायची सोय असती तर म्हटलं असतं, बाबा रे, संपव आता एकदाचं. तुलाही सुटका आणि आम्हालाही.

नोकरी सोडल्यापासून दिवसभर काय करतोस ते कळत नाही. जेवतोस का? सूनबाईशी बोलणं होतं का? तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. दोन ओळी लिही, अक्षर वाईट असलं तरी चालेल.

तुझी,
आई


१७ नोव्हेंबर

प्रिय खडू,

मागच्या पत्रात मी ‘संपव’ असं लिहिलं होतं. ते आधी मागे घेते. बाकीचं नंतर.

काल सूनबाईचा फोन आला. तुझ्याकडून निघून बहिणीकडे राहायला गेल्यापासून तिने मला कधी फोन केला नव्हता, म्हणून मी मशीन थांबवून बसले.

“आई, त्यांनी कुंड्या पाठवल्या. टेंपो करून. सगळ्या.”

“मग चांगलंच झालं की,” मी म्हटलं.

“चांगलं नाही झालं. मी निघाले तेव्हा दोन मागितल्या होत्या तर दिल्या नाहीत. म्हणाले, घरात तेवढ्याच माझ्याशी नीट वागतात. आणि आता सगळ्या. पाणी घालून, पुसून, आई. पानं पुसलीत त्यांनी.”

“टेंपोवाल्याजवळ काही निरोप?”

“म्हणे, बाईंना सांगा, भांडण मिटलं.”

“तू फोन केलास त्याला?”

“उचलत असते तर तुम्हाला केला असता का?” म्हणाली आणि रडायला लागली. मीही तिला गप्प केलं नाही.

त्यानंतर मी हिरव्या पडद्यांना हात लावला नाही. उरलेला बारावा भाग बसून वाचून काढला.

आता तुला एक सांगते, जे बाबांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. चौथीत शाळा सुटलेली मी. वाचायला लागले ती ह्या पुस्तकांची प्रुफं हातात घेऊन, त्यामुळे ह्यांतली वाट मला पायाखालची आहे. बाबा एखाद्या माणसाला मारणार असले की आधी त्याची आवराआवर करत. तो उसनी वस्तू परत देई, कुणाशी अबोला असेल तर सोडी, घोड्याला स्वतः खरारा करी. आणि मग पुढच्या भागात जाई. बाबांना स्वतःलाच ते माहीत नव्हतं. सातव्या भागात लोहाराने शेजाऱ्याची घणाची जोडी परत केली तेव्हा मी म्हटलं, “लोहार जाणार तुमचा.”

“कशावरून?”

“घण दिले ना परत. मरणारा माणूस घर झाडून ठेवतो तुमच्यात.”

असे चिडले, दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. कागद फाडले. आणि मला चुकवायचं म्हणून लोहाराला जिवंत ठेवला. आठव्यातला तो बर्फ, ज्याची मी एवढी टिंगल करते, तो सबंध भाग लोहारासाठी आहे. तो शेकोटीशी बसतो आणि गप्पा मारतो, दुसरं काही करत नाही. बाबांच्या मागे मी ती पानं परत वाचली. एकही पान जास्तीचं वाटलं नाही. बाबा गेले, लोहार अजून आहे.

ह्या बाराव्या भागात तुझा नकाशेवाला अंगरखा पहारेकऱ्याला देतो. नकाशाची हत्यारं म्हाताऱ्या बाईकडे ठेवायला देतो. ज्या मुलीशी बोलत नव्हता तिच्या दारात रोपं ठेवून येतो. शेवटच्या पानावर मनोऱ्यापाशी सगळ्यांना म्हणतो, “तुम्ही पुढे व्हा, मी उद्या येतो.”

तुझा म्हणाले मी. हो. चादरीच्या गुंडाळीवरूनच ओळखलं होतं. बाबांच्या शेवटच्या आजारात ती करायचं फक्त मला आणि तुला माहीत होतं. तू आपणहून सांगशील म्हणून गप्प राहिले.

प्रकाशकांना फोन केला. ते खुशीत होते. “तेरावा आणि शेवटचा भाग झालाच म्हणा. एकच प्रकरण राहिलंय. काय शिस्त आहे पोराची, दिवस बघत नाही, रात्र बघत नाही.” पोराची म्हणाले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की नाव फुटलं. मी विचारलं, “शेवटच्या प्रकरणानंतर तो काय करणार, काही बोलला का?” तर म्हणाले, “नाही बुवा, त्यापुढचं तो काहीच बोलत नाही.”

म्हणून मी तुला बाबांना सांगितलं तसंच तोंडावर सांगते. मी ओळखलंय. कोट, घड्याळ, कंपासपेटी, कुंड्या. ओळखलंय मी, आता ते तसं करता यायचं नाही.

शाळेच्या कपड्यांना मी शिवणीत चार बोटं माया ठेवते, पोर वाढलं की सोडायला. पोरांच्या आया विचारतात, एवढं कापड आत कशाला दडवलंत, वर्षभर ते कुणाला दिसतसुद्धा नाही. तू तसं लिही. कुणाला दिसलं नाही तरी चालेल. नकाशेवाल्याला आजारी पाड, आळशी कर, चुकीच्या रस्त्याने पाठव, घोड्यांची आणखी चाळीस पानं लिही. मी उभ्याने वाचीन. लोक कंटाळले तर कंटाळू देत, त्यांना काय, दुसरं पुस्तक घेतील. शेवटचं प्रकरण तेवढं लिहू नकोस.

शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलंय, आधीच्या गाड्या भरलेल्या आहेत. सूनबाई स्टेशनवर येणार आहे.

आई


शुक्रवार, २० नोव्हेंबर
तुझ्या दाराबाहेर

खडू,

कागद तुझ्या शेजारणीने दिला. तिच्या पोराच्या गणिताच्या वहीचा आहे, म्हणून चौकटी. दाराखालून सरकवते आहे, नीट उचल.

मी दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला तू म्हणालास, “आई, तू जा. मी उद्या येतो.” आवाज अगदी शांत होता. हे वाक्य मी वाचलेलं आहे, खडू. मी तिथेच पायरीवर बसले.

माझी दोन्ही पत्रं खाली पेटीत तशीच पडली होती. तीही सरकवली आहेत, पण ती सावकाश वाच. आधी हे.

बाबांनी पाचव्या भागापाशी थांबायचं ठरवलं होतं. प्रकाशकांनी लांबवायला लावलं असं मी सगळ्यांना सांगत आले, तुलाही. ते खरं नाही. प्रकाशकांनाही पाचच हवे होते. तू नववीत होतास. ते संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसत आणि मी तुला सांगे, बाबा मोकळी हवा घेतायत. ते हवा घेत नव्हते. कठड्यापाशी बसत. त्यांनी घरातली सगळी कागदपत्रं लावून ठेवली होती, माझ्या मशीनला तेल घातलं होतं, तुझे बूट पॉलिश केले होते. मला तेव्हा काय होतंय ते नाव देऊन सांगता आलं नसतं. मी एवढंच केलं, रोज चहा घेऊन वर गेले आणि त्यांच्यात आणि कठड्यात बसले. बोलायला काही सुचायचं नाही. एकदा सहज विचारलं, दार उघडल्यावर राणीला आत काय दिसतं हो?

“काही नाही. दिवा लावते आणि संपलं.”

“एवढ्या लांबून आली आणि आत नुसता दिवा? मला नाही पटत.”

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, “रस्ता असेल बहुतेक. आणखी एक.” आणि खाली येऊन कागद मागितले.

पुढचे पाच भाग कुणालाच नको होते. मलाही नको होते, मी तोंडाने तसं म्हणतच राहिले आणि रोज टेबलावर कागद ठेवत राहिले. त्या पाच भागांत तू शाळा संपवलीस, कॉलेजात गेलास, पहिली नोकरी, तुझं लग्न. बाबा सगळ्याला होते. लग्नात कोट घालून फिरत होते आणि लोकांना राणीचं पुढे काय होणार ते सांगत होते. आणि गेले ते आजाराने गेले, घरात, आपल्या दोघांच्या हातात. वाईट होतं ते, पण तसं जाणं वेगळं.

तुला हे आधीच सांगायला हवं होतं का, मला माहीत नाही. आज सांगते आहे.

मी तुला काही समजावायला आलेले नाही. तुझ्या आत काय चाललंय ते मला पुस्तकातून दिसलं तेवढंच ठाऊक आहे, आणि त्यात सगळे हळू बोलतात म्हणून नीट ऐकू येत नाही. पुस्तक मरू दे. प्रकाशकांचं मी बघते. तुला लिहायचं नसेल तर लिहू नकोस, माझ्याबरोबर बसून पडदे दुमड. ते हिरवे अजून संपलेले नाहीत. मला फक्त तू हवा आहेस, कामाचा, बिनकामाचा, कसाही.

सूनबाई डॉक्टरांना घेऊन जिन्याच्या खालच्या वळणावर आहे. ओरडणार नाही म्हणालीय. किल्लीवाला माझ्याशेजारी उभा आहे, भला माणूस आहे, मघाशी त्याने मला पाणी आणून दिलं. तो हत्यारं काढायला लागला तेव्हा मी म्हटलं, “हे एवढं लिहून होऊ दे, तो वाचेल आणि स्वतः उघडेल.” तो म्हणाला, “लिहा आजी, पण लवकर लिहा.”

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आत्ता. तू उठला आहेस. इकडेच ये. तू उघडलंस तर बरं, नाही तर हा उघडेल. कसंही झालं तरी मी आत येते आहे.

उंबऱ्याशी बसलेली,
आई