भिवाची चौकट

चिंचवड,
१२ मे १९८१

प्रिय ज्योतीराम,

तेरा वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र फाडलं नाहीस, तर पुढचं वाच. पवनेच्या घाटावर आपल्या पोहणाऱ्यांचं संग्रहालय होतंय. धरण झाल्यापासून पूर मापात आला, नारळाची शर्यत बंद पडली, तेव्हा निदान आठवण तरी राहावी असं नानासाहेबांच्या मंडळानं मनावर घेतलं. नकाशा माझ्या गळ्यात. कंपनीत गिअरची ड्रॉइंगं काढणाऱ्याला घाट काय जड, असं त्यांचं म्हणणं.

नदीकडे तोंड करून एक लांब खोली काढलीय. आपण ज्यांवर पोहायला शिकलो ते वाळके भोपळे दारात, मधे मानाचे फेटे, आणि आतल्या भिंतीवर पुरातून नारळ काढून आणणाऱ्यांची नावं. तुझं चारदा आहे. शेवटची चौकट तुझ्या धाकट्या भावाची, भिवाची. शर्यतीत बुडालेला तो एकटाच. तिच्यात काय लिहायचं, तिथंच काम अडलंय. नानासाहेब म्हणाले, “दारूचं लिवायचं न्हाई, गावाला म्हाईत हायच की. नुसतं नाव टाक.” मी मान डोलावली. हल्ली कशालाही माझी मान डोलते. जेवतो, कंपनीत जातो, पेनात शाई भरतो. आत काही हलत नाही. बायको, शालन, विचारते, बरं नाही का? मी म्हणतो, बरंय.

मागच्या रविवारी घाटाची मापं घेतली. वरून पाच पायऱ्या कोरड्या असतील तरच नारळ टाकायचा, पाचवी बुडाली की खडकापाशी भोवरा धरतो, आणि मोजायचा मान आमच्या घरचा, हे तुला काय सांगायचं! टेप लावताना दिसलं, सगळ्यात वरची पायरी काळ्या दगडाची नाही, सिमेंटची आहे. भिवा गेला त्या वर्षी, पावसाळ्याआधी, जुन्या पायऱ्यांवर ती जादा बांधली होती. शर्यतीच्या दिवशी मी ती धरून पाच मोजल्या. जुन्या चारच कोरड्या होत्या, आणि मी नारळ टाकला. टेप गुंडाळून घरी आलो, आमरस खाल्ला. गोड लागला.

मोजणी कुणाचीही चुकते, तेवढ्यासाठी मी लिहिलं नसतं. भिवाला बाहेर काढल्यावर लोक माझ्याकडे बघायला लागले. मी घाबरलो आणि बोलून गेलो, की याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. वास कपड्यांना होता, मशीनच्या तेलाचा. पाळी सुटल्यावर तो तसाच घाटावर आला होता. मला तेव्हाही ठाऊक होतं. गिरजाकाकू मरेपर्यंत पोटच्या पोराला बेवडा म्हणत राहिल्या, तू गाव सोडलंस, आणि मी गप्प बसलो. आता चौकटीत शाईनं लिहिलंय: ‘भिवा शुद्धीत होता. पायऱ्या मोजणारा मारुती चुकला, आणि खोटं बोलला.’ पुढच्या गुरुवारी नकाशा मंडळापुढे जाईल. गावाची अब्रू म्हणून ते हे खोडायला सांगतील, आणि माझी मान पुन्हा डोलेल याची मला भीती वाटते. म्हणून तू ये. माझ्याशी बोलू नकोस, फक्त माझ्यासमोर उभा राहा.

तुझाच म्हणायची लाज वाटते, तरी तुझाच,
मारुती