भोंग्यावरून घेतलेलं नाव

सोम., ४ डिसें.
पहाटे जाग आली ती चौथीच्या वर्गाने. साठेक वर्षांपूर्वीचा कवितेचा तास, चाळीस पोरं एका सुरात, शेवटच्या ओळीला कौलांवरून उडणाऱ्या कबुतरांची फडफड. डोळे मिटून ऐकत राहिलो. मग आठवलं, आज तारेपाशी बसायचंय.
प्रल्हादने शेताला काटेरी तार ओढून वाट बंद केली त्याला पंधरवडा झाला. कोबीत ढोरं शिरतात म्हणे. पण विहारामागून मसणवटीत जायची हीच वाट, नाहीतर नाल्यातून. आमच्या हिला शेवटी इथूनच नेलं. मलाही...
महिला मंडळाची सुजाता म्हणे, तहसीलवर मोर्चा. मी म्हटलं, आधी सात दिवस रोज सकाळी तारेपाशी ध्यान, मग मोर्चा.
"बसल्यानं तार निघते का, गुरुजी?"
"राग तर निघतो. मग तारेचं पाहू."
हसली. पण आली.

बुध., ६
बावीस जण. दव. पाय बधिर, मन लख्ख. मैत्रीभावना: आधी स्वतःसाठी, मग आपल्यांसाठी, मग ज्याचा राग येतो त्याच्यासाठी, नाव घेऊन. विहाराच्या भोंग्यावरून म्हणालो, "प्रल्हाद सुखी होवो, निरोगी होवो." आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो!

गुरु., ७
घोटाळा. आपल्या भोंग्यावरून नाव घेतात ते गेलेल्याचं, पुण्यानुमोदनाला. सारा गाव जाणतो. माझ्याच ध्यानात नाही. प्रल्हाद तारेपलीकडून ओरडला, "मले जित्तेपणी मारून राह्यले का, गुरुजी? सेलूचे पाव्हणे रडत आले ना घरी!" सुजाता हसून हसून बांधावरच बसली. मी हात जोडले, क्षमा मागितली. भोंगा बंद. नाव मात्र घेणार, हळू आवाजात.
तार आहे तशीच.

रवि., १०
सातवी सकाळ झाली. सुजाता म्हणाली, "उद्या मोर्चा. शबद देल्ला होता तुमी."
दिला होता. सगळ्यांत पुढे चालेन. बसणं आणि चालणं एकाच कवितेचे दोन चरण. मी इतकी वर्षं एकच घोकत बसलो. उद्याही निघण्याआधी प्रल्हादसाठी मैत्री म्हणूच.
दुपारी फलक रंगवत होतो. अक्षर अजून फळ्यावरचंच. दार वाजलं. प्रल्हादची आई, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत. आमच्या वस्तीत कधी पाय न ठेवलेली. या, बसा म्हटलं. बसली नाही.
"पोराचं नाव काऊन घेता, गुरुजी? तार त्यानं मनानं नाई लावली. म्या लावाले सांगतली. घ्याचं तं माह्यं नाव घ्या."