रालीला उलटी प्रदक्षिणा

कॅरी, रविवार, १२ ऑक्टोबर २००३

संताप होतोय नुसता! भाचीच्या बारशाला मी, सख्खी आत्या, उशिरा पोचले आणि मुहूर्त टळेल म्हणून तिच्या कानात नाव सांगितलं शेजारच्या काकूंनी.

भाऊ फोनवर म्हणाला होता, "ताई, इनर बेल्टलाइन घे." मला वाटलं, आतल्या बाजूला वेगळा रस्ता असेल. शहराभोवतीच्या एकाच गोल रस्त्याच्या दोन दिशांना इनर-आउटर म्हणतात, हे मला कोण सांगणार? तो आतला रस्ता शोधत आउटरवरून अख्ख्या राली शहराला उलटी प्रदक्षिणा घातली.

वर भाऊ हसतो! "अगं, इनर म्हणजे देवळातल्या प्रदक्षिणेची दिशा. सोप्पंय." मग हे फोनवर सांगताना काय झालं होतं?

आत्या मी आहे. निघताना बाळाच्या कानात सांगून आलेच, "बापाला रस्ता कधी विचारू नकोस."