शिवणीत सोडलेले दोन इंच

मी, गुंडेराव मालोजीराव महेंद्रकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिंप्याच्या घरात जन्मलेला, धंद्याने जुन्या इमारतींना नवे रूप देणारा कंत्राटदार, राहणार नववा मेन रोड, सरस्वतीपुरम, मैसूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, गुडघे कुरकुरतात, पण समोरची भिंत ओळंब्यात आहे की नाही हे मला अजून रस्त्यापलीकडून दिसते. मला कोणी धमकावलेले नाही आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. लावली असती तर लिहायला इतका उशीर झाला नसता. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्याजोगे काही नाही.

वकीलबाई म्हणाल्या, कन्नडमध्ये लिहा, सगळ्यांना सोयीचे पडेल. मी म्हटले, आमच्या घरातले भांडण मराठीत झाले, निवाडाही मराठीतच होऊ दे. माझी सून मृण्मयी साताऱ्याची आहे, तिच्याकडून शुद्धलेखन तपासून घेतले असते. पण तिच्याविषयी आत काही लिहिले असल्यामुळे तिला आधी दाखवता येत नाही. चुका असतील त्या माझ्या.

कलम १ : वारस. माझी पत्नी सिंधू सहा वर्षांपूर्वी वारली. मला दोन मुले. थोरली यशस्विनी, हायस्कुलात विज्ञान शिकवते, लग्न केले नाही, माझ्याजवळ राहते. धाकटा श्रीनिधी, हूटगळ्ळीला कंपनीत नोकरी, बायको मृण्मयी आणि दोन मुलांसह कुवेंपुनगरात भाड्याने राहतो. ही दोन भावंडे गेल्या वर्षीच्या गौरी-गणपतीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. कारण मी राहतो ते घर. श्रीनिधी म्हणतो पाडू, यशस्विनी म्हणते पाडू देणार नाही. मी गेल्यावर हे कोर्टात जाऊ नये, एवढ्यासाठी हा कागद.

कलम २ : घराचे वर्णन. सदर घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून तीत वडिलोपार्जित काही नाही, स्वभाव सोडला तर. १९८८ साली मी ते घेतले तेव्हा आधीच्या मालकाने व्हरांडा विटांनी बंद केला होता, सागवानी दारांवर हिरव्या ऑइलपेंटचे थर चढवले होते आणि लाल घोटलेल्या जमिनीवर प्लास्टिकची चटई चिकटवली होती. सिंधू दारातच म्हणाली, "हे घर आहे की गोडाऊन?" मी तिला म्हटले, दोन वर्षे दे.

दोन वर्षांत मी व्हरांडा मोकळा केला, दारे खरवडून लाकडापर्यंत आणली, भिंतींवरचे सिमेंट काढून चुन्याचा गिलावा केला. चुना स्वतः भिजवला, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घातले. पुढच्या छपराची मंगळुरी कौले एकेक धुऊन परत चढवली, मागच्या अर्ध्या भागावर गच्ची घातली. आजही उन्हाळ्यात या घरात पाय टाकला की माणूस "अब्बा" म्हणतो. माझ्या हातून मैसूरमध्ये एकवीस इमारतींना नवा चेहरा मिळाला. तांदळाची गिरणी होती तिचे मी वाचनालय केले, पण नाव गिरणीचेच ठेवायला लावले. त्या एकवीसमध्ये हे घर पहिले. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

कलम ३ : माझी स्वतःवरची तक्रार. अभिमान लिहिला तर हेही लिहिले पाहिजे. १९७८ साली, लग्नानंतर सहा महिन्यांनी, मी सासऱ्यांच्या घराच्या चुन्याच्या भिंतीला हौसेने सिमेंटचा गिलावा केला. जावई कंत्राटदार झाला हे दाखवायचे होते. चुन्याची भिंत श्वास घेते, सिमेंटने तिचे नाकतोंड दाबले जाते, हे मला माहीत नव्हते. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला घाम फुटला आणि गिलावा पोळीसारखा सुटून आला. मी चिक्कण्णा मेस्त्रीच्या हाताखाली वर्षभर चुना कालवला आणि ती भिंत पुन्हा केली. सिंधूने ही गोष्ट माझ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगितली.

कलम ४ : हत्यारे. चिक्कण्णाची थापी यशस्विनीला. हसू नये, तिचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे. माझा पितळी ओळंबा श्रीनिधीला. माझ्या वडिलांची, मालोजीरावांची, मोठी कात्री मृण्मयीला, कारण या घरात कापड नीट कापता येते ते तिलाच.

कलम ५ : इंजिनियर कृष्णमूर्ती. यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. १९९६ साली एका जुन्या छत्राचे, म्हणजे लग्नाच्या धर्मशाळेचे, काम आम्ही दोघांनी मिळून केले. नकाशे त्यांचे, काम माझे. त्यांना खांब पाडून सिमेंटचे करायचे होते, मी ते दगडी खांब वाचवले. उद्घाटनाच्या दिवशी दाराशी संगमरवरी पाटी लागली, तिच्यावर फक्त त्यांचे नाव. ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मने हळेदु, मुख होसदु, राव!" घर जुने, चेहरा नवा. तो चेहरा कोणी घासला हे मात्र पाटीवर आले नाही. पुढे एकोणतीस वर्षे आम्ही एकाच बागेत सकाळी फिरतो, रोज बोलतो, आणि पाटीचा विषय दोघेही काढत नाही. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. कायद्यातली ही तरतूद मला फार आवडली. म्हणून मी कृष्णमूर्तींना साक्षीदार केले आहे.

कलम ६ : बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना निम्मी निम्मी. यावर भांडण नाही, म्हणून लिहिण्यासारखेही काही नाही.

कलम ७ : घराची व्यवस्था. इथे जरा सविस्तर लिहितो.

२०१६ साली, दुसरे मूल झाल्यावर, श्रीनिधीने मला विचारले होते, "अण्णा, मागे एक वेगळं स्वयंपाकघर काढू का? वर एक खोली?" मी म्हणालो, "माझ्या भिंतीला हात लावायचा नाही." तो म्हणाला, "लोकांची घरं नवी करत हिंडता, आणि आपल्या घरात खिळा मारू देत नाही." खरे होते, म्हणून मला जास्त राग आला. महिनाभरात तो कुवेंपुनगरला गेला. गेल्या वर्षी गौरी-गणपतीला तो बिल्डरचा नकाशा घेऊन आला. तीन मजले, प्रत्येकाला एक फ्लॅट. म्हणाला, "अण्णा, नोडी, बघा, दोन संसार एका चुलीवर होत नाहीत. पाडून बांधूया, आय्तु, झालं." यशस्विनी आतून ओरडली, "निधी, सुम्ने, उगाच बोलू नकोस. मी आहे तोपर्यंत एक वीट हलणार नाही." दोघांचेही बरोबर होते. मी गप्प बसलो. ते गप्प बसणे चुकीचे होते, आणि का चुकीचे ते मला एकट्यालाच माहीत होते.

माझे वडील शाळेच्या पोरांच्या विजारी शिवत. खालच्या दुमडीत आणि मागच्या शिवणीत ते दोन दोन इंच कापड आत सोडत. म्हणत, "पोरगं वाढणार, कापड वाढत नाही. म्हणून आत ठेवायचं." मी एकोणिसाव्या वर्षी कात्री ठेवून थापी उचलली, तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतेच बोलत. १९९० साली या घराच्या वास्तुशांतीला आले. जेवणघराच्या उत्तरेकडच्या भिंतीला, कापडाचा पोत पाहावा तसा, त्यांनी हात लावला. मग बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. मला विचारले, "आत किती सोडलंस?" मी म्हणालो, "एक दार." ते म्हणाले, "पुरे." त्यांनी माझ्या कामाविषयी आयुष्यात काढलेला हा एकच शब्द. तो मी पस्तीस वर्षे जपला आहे.

तर सदर उत्तरेकडील भिंतीत, जमिनीपासून सात फुटांवर, मी लिंटल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, टाकून ठेवलेला आहे. त्याखाली साडेतीन फूट रुंदीत विटा नुसत्या भरलेल्या आहेत, दोन्ही बाजूंच्या भिंतीत गुंतवलेल्या नाहीत. त्या काढल्या की दार तयार. बाहेर कपडे धुण्याचा कट्टा आहे, तो कट्टा नसून जिन्याचा पाया आहे. मागच्या गच्चीखालच्या भिंती चौदा इंची आहेत, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर सहज पेलतील. पाण्याचा पाइप भिंतीत वरपर्यंत नेऊन बंद केला आहे. पुढचा व्हरांडा, कौले, लाल जमीन, कशालाही धक्का न लावता या घरात दोन संसार होतात. मी ते तसे केलेच होते.

मग मुलाला सांगितले का नाही? त्याला लहानपणी कामावर नेऊन मी भिंत ठोकून ऐकायला शिकवले होते. माझी अपेक्षा होती की त्याने ही भिंत ठोकावी, ओळखावे आणि मला येऊन सांगावे. नऊ वर्षे मी याची वाट पाहिली. दोन दिवाळ्यांपूर्वी मृण्मयी भिंतीला टेकली, तिची बांगडी आपटली, आणि ती म्हणाली, "बाबा, इथे आत काहीतरी वेगळं वाजतंय." मी म्हणालो, उंदीर असेल. चौदा इंची भिंतीत उंदीर! मला त्या उत्तराची आजही लाज वाटते.

सबब हे घर मी दोघांना समान हक्काने देत आहे. खालचा भाग यशस्विनीचा, मागची गच्ची आणि त्यावर होणारे बांधकाम श्रीनिधीचे. घर पाडू नये अशी अट मी घालत नाही, भिंत ठोकून मगच ठरवावे अशी घालतो. माझ्या मृत्यूनंतर तेराव्या दिवशी सगळ्यांनी त्या भिंतीपाशी जमावे आणि पहिला घाव मृण्मयीने घालावा.

पुरवणी, आज लिहिलेली. वरील कलमे गेल्या आठवड्यात लिहून झाली. आज सकाळी दोन्ही साक्षीदार सहीसाठी आले : कृष्णमूर्ती, आणि शेजारच्या लक्ष्मीदेवी, ज्यांनी माझ्या चुन्याच्या धुळीविषयी पस्तीस वर्षे तक्रार केली. नुसती सही पुरते असे मी सांगितले. पण कृष्णमूर्ती न वाचता कुठे सही करणारे! त्यांना मराठी समजते, वाचता येत नाही, म्हणून मोठ्याने वाचून दाखवावे लागले. पाचवे कलमही. ते कलम त्यांनी मान खाली घालून ऐकले. सातवे ऐकल्यावर मात्र चष्मा काढला आणि म्हणाले, "नीवु सत्त मेले ई गोडे यारु तोरिस्तारे?" तुम्ही मेल्यावर ही भिंत दाखवणार कोण? "चुकीच्या जागी घाव घातला तर?" त्यांनीच माझा फोन माझ्या हातात दिला.

श्रीनिधी आणि मृण्मयी तासाभरात आले. मी फक्त भिंत दाखवली. श्रीनिधीने कान लावला, पेराने ठोकत ठोकत गेला आणि एका जागी थांबला. खडूने रेघ ओढली. रेघ बरोबर कडेवर होती. शिकवलेले तो विसरला नव्हता, माझ्या भिंतीला हात लावायचा नाही असे मीच बजावले होते, मग तो ठोकणार कसा? पहिला घाव मृण्मयीने घातला. लक्ष्मीदेवींनी नाकाला पदर लावला. चुन्यातली वीट अखंड निघते, तशा त्या एकेक अखंड निघाल्या. यशस्विनी त्या रचत होती. ती म्हणाली, "निधी, स्वल्प हळू. ही कोपऱ्यात लाव." तो म्हणाला, "हो अक्का." गौरी-गणपतीनंतरचे त्यांचे हे पहिले बोलणे.

शेवटी उत्तरेचा उजेड जेवणघरात आला. श्रीनिधीने लिंटलखाली ओळंबा सोडला, खालून बोट फिरवले आणि म्हणाला, "अण्णा, एक सूत हललेला नाही." मग ओळंब्याची दोरी गुंडाळली. "नऊ वर्षं, अण्णा," एवढेच म्हणाला. मी त्याची माफी मागितली. चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदाच मागितली, तेव्हा नीट जमली नसेल.

म्हणून सातव्या कलमातला तेराव्या दिवसाचा भाग मी रद्द करतो. बाकी सर्व कायम. जिन्याचे काम पुढच्या सोमवारपासून, माझ्या देखरेखीखाली. चुना आज संध्याकाळी भिजत घालायचा आहे.

स्थळ : सरस्वतीपुरम, मैसूर
तारीख : रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : (सही) गुंडेराव मालोजीराव महेंद्रकर

आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आम्ही :

साक्षीदार १ : (सही) लक्ष्मीदेवी, शेजारी

साक्षीदार २ : (सही) कृष्णमूर्ती, निवृत्त इंजिनियर. सहीखाली त्यांनी न विचारता कन्नडमध्ये स्वतःच्या हाताने लिहिले आहे : "लिंटल पाहिला. उत्तम आहे. छत्राचे कामही यांचेच."