व्हिडिओचा डावा कोपरा

प्रिय किएनदादा,

तू पाठवलेली माणसं शनिवारी सकाळी आली होती. दोघं होते, टेम्पोत पहिल्यापेक्षा जाड गज होते. मी त्यांना बर्फाचा चहा दिला आणि गजांसकट परत पाठवलं. त्यानंतर तू फोनवर जे बोललास ते मी गप्प ऐकून घेतलं, कारण आई शेजारी बसली होती. "तुला काय, तू कारखान्यांना आगीपासून वाचव. आईला चोरांपासून मलाच वाचवावं लागतं." हे तुझं वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. त्याचं उत्तर लिहूनच द्यायला हवं. आईच्या गॅलरीला पुन्हा कुलूपबंद पिंजरा बसणार नाही. तू म्हणतोस तसा तर नाहीच.

दोन वर्षांपूर्वी चोरी झाली तेव्हाचा तुझा राग खरा होता, हे मी कधी नाकारलेलं नाही. चोर गॅलरीतून शिरला, बाबांच्या फोटोपुढचं काशाचं धूपपात्र घेऊन गेला आणि जाताना त्यातली राख जिन्यात ओतून गेला. आजोबांच्या काळापासून साठत आलेली ती राख आईने झाडूला हात न लावता ओंजळीने गोळा केली. तू फोनवर तिचं रडणं ऐकलंस आणि दुसऱ्या दिवशी सायगॉनहून विमानाने हायफाँगला आलास. गल्लीतल्या बायका अजून आईला त्यावरून म्हणतात, "मुलगा असावा तर असा."

पण आल्यावर तू मला आराखडा काढायला सांगितलास. मी एक रविवार घालवून तो काढला आणि तू त्यातली एकही गोष्ट सांगितल्यासारखी केली नाहीस. त्यात मी लिहिलं होतं: पिंजऱ्याला बाहेर उघडणारं दार ठेव, किल्ली आत खिळ्याला टांग, बाहेरून कुणाचा हात पोचणार नाही पण आईचा अंधारातही पोचेल अशा जागी. दुकानाचं शटर विजेवर चालव, पण हाताने ओढायची साखळी राहू दे. देव्हाऱ्याच्या खोलीत धूर ओळखणारं यंत्र लावू नकोस, तिथे रोज उदबत्ती जळते. उष्णता ओळखणारं लाव. दोन्हींच्या किमतीत फारसा फरकही नव्हता. तू हसलास. "खिळ्याला किल्ली? मग चोरासाठी सपाता पण काढून ठेव." दाराला कुलूप घातलंस आणि आई हरवेल म्हणून दोन्ही किल्ल्या सायगॉनला घेऊन गेलास. गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंग करणाऱ्या ताओकाकांनी पिंजरा जोडला. त्यांनीही तुला एकदा विचारलं होतं, "अरे, मग दार करायचं कशाला?" तू म्हणालास, "काका, तुमचं काम जोडायचं."

दुकानात आणि गॅलरीवर तू कॅमेरे आणि भोंगा लावलास, आणि तेव्हापासून आई तुझ्या फोनमध्ये राहते. ती शटर अर्धं वर करून मच्छरदाण्या आणि चटया विकत बसायची, दारात लहान स्टुलांवर दोन-चार बायका सूर्यफुलाच्या बिया फोडत असायच्या. तुझ्या कॅमेऱ्यातून आवाज यायचा, "आई, ही कोण? दार उघडं का आहे?" बायका यायच्या बंद झाल्या. अमावस्येला आणि पौर्णिमेला उदबत्त्यांनी तू लावलेलं धुराचंच यंत्र कोकलायचं, आणि तुझा फोन, "आई, विझव ते, माझी मीटिंग चालू आहे." बाबांच्या पुढची उदबत्ती कोण विझवेल? मग तिने यंत्रालाच प्लॅस्टिकची टोपी घातली, आंघोळीला केसांना घालतात ती. तुझ्या फोनवर सगळे दिवे हिरवेच राहिले.

आता तुझ्या व्हिडिओकडे येते. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, पितरांच्या सणाला, भर दुपारी एक माणूस शिडीवर चढून गॅलरीचे गज कापतो आहे. तोंडाला ओलं फडकं, हातात कटर. तुझा भोंगा वाजतो, तुझा आवाज येतो, "ए, चेहरा दिसतोय तुझा, पोलीस निघालेत, उतर खाली." तो वर बघतो, हात हलवतो, काहीतरी ओरडतो, ते भोंग्यात ऐकू येत नाही. मग खाली दिसेनासा होतो आणि चित्र बंद पडतं. तू हा व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवलास. गल्लीच्या ग्रुपवर टाकलास, "ओळखणाऱ्याला बिअरचा क्रेट." आईने तुला सांगितलं होतं की शेजारी जरा धूर झाला, वीज गेली, मी झोपले होते, मला काही कळलंच नाही. तू मानलंस की वीज गेल्याचा फायदा चोराने घेतला आणि तुझ्या यंत्रणेने त्याला पळवला. ग्रुपवर कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा तू म्हणालास, लोक घाबरट आहेत.

दादा, त्याला सगळ्या गल्लीने पहिल्या नजरेत ओळखलं. ते ताओकाका होते. त्यांची बायको तो व्हिडिओ बघून म्हणाली, "घरातला बल्ब बदलायला सांगितला तर गुडघे दुखतात, आणि इथे बघा कसा माकडासारखा चढलाय." ताओकाका म्हणाले, "आवाज दणदणीत आहे तुझ्या भावाचा. खाली उतरेपर्यंत मलाच वाटायला लागलं, मी चोर आहे."

शेजारच्या घरात तळमजल्यावर विजेची स्कूटर चार्जिंगला लावली होती. ती पेटली. घरातली माणसं समोरच्या दाराने बाहेर पडली. धूर मात्र दोन घरांमधल्या हवेच्या बोळातून आपल्या जिन्यात भरला. आई नैवेद्य दाखवून, शटर बंद करून, वर दुपारची झोप घेत होती. यंत्राच्या डोक्यावर टोपी होती. ती खोकत उठली. शटरचं बटण खाली, तिचा मोबाइल खाली, जिना धुराने भरलेला, आणि गल्लीची वीज एव्हाना तोडलेली. तुझा कॅमेरा आणि भोंगा तेवढे बॅटरीवर चालू होते. शटरपर्यंत ती पोचली असती तरी उपयोग नव्हता, साखळी तू काढून घेतली होतीस. ती गॅलरीत आली. तिथे कुलूप होतं. गल्लीच्या तोंडाशी तिची हाक ऐकून ताओकाका शिडी आणि कटर घेऊन धावले.

तुझ्या फोनवर हालचाल दिसली, तू आईला फोन केलास, तिने उचलला नाही, तू भोंगा दाबलास. तुझ्या जागी बसलेल्या कुणालाही चोरच दिसला असता, हे मी मान्य करते. म्हणून तर माणसाला अशा जागी बसवायचं नसतं, जिथून घर दिसतं पण जळलेला वास येत नाही. भोंगा ऐकून कोपऱ्यावरच्या बिअरच्या दुकानातले लोक धावले. ते आपल्या गल्लीतले नव्हते. त्यांनी शिडी हलवून काकांना खाली ओढलं, दोन गुद्दे घातले. काकांना आधी त्यांना समजावावं लागलं आणि मग पुन्हा चढावं लागलं. मधे किती वेळ गेला ते मी मोजलेलं नाही. कारखान्यांत माझं सगळं काम अशी मिनिटं मोजण्याचंच आहे. हे मी मोजणार नाही.

आईने मला शपथ घातली होती. "त्याला सांगू नकोस, इतका लांब आहे पोरगा, झोपणार नाही." तिचा खोकला हवेमुळे आहे असं ती तुला सांगते. सगळी गल्ली तिच्यासाठी गप्प बसली आहे, मार खाल्लेले ताओकाकासुद्धा. मीही गप्प बसले असते. पण तू जाडे गज पाठवलेस, आणि तिने तुझ्या समाधानासाठी "बसवू दे त्याला" असं म्हटलं. म्हणून मी शपथ मोडते आहे. पिंजऱ्याला काकांनी आता बाहेर उघडणारं दार केलं आहे, चोराला ते उघडणार नाही. किल्ली खिळ्याला आहे. शटरला साखळी आहे. तुझा व्हिडिओ पुन्हा एकदा लाव, आवाज बंद करून. काकांकडे बघू नकोस, डावा खालचा कोपरा बघ. तिथे गजाला काही फिकट चिकटलेलं दिसतं, तुला ते वाळत घातलेलं फडकं वाटलं असेल. ती आईची बोटं आहेत. धुरात खाली वाकून राहायचं असं मी तिला शिकवलं होतं, म्हणून ती तुझ्या चित्रात आली नाही. ते पाहिलंस की मला फोन करू नकोस, आईलाही नको. आधी ताओकाकांना कर. नाव सांगावं लागणार नाही, तुझा आवाज ते ओळखतात.

रागावलेली, तरी तुझीच,
येन