आईची सही

बाबा,
तीर्थरूप लिहीत नाही, आणि हे पत्र तुम्हाला धाडणारही नाही.

तुमचं नाव गोंदलेला आईचा हात तिच्याबरोबर जळाला. उद्या नारायणगुड्यात मी माझ्या मनगटावर तिचं नाव गोंदवून घेणार आहे. टॅटूवाला म्हणाला, पोटभर खाऊन या आणि आईच्या हातचं अक्षर आणा, हुबेहूब उतरवतो.

घर पालथं घातलं. तिचं अक्षर एकाच कागदावर सापडलं, तुमच्या सोडचिठ्ठीवर.

अंगठ्यावर उद्या कुणी शंका घेईल म्हणून तुम्हीच तिच्याकडून आठ दिवस ‘जयवंता’ गिरवून घेतलं होतं. कशासाठी ते तिला ठाऊक नव्हतं. नवरा लिहायला शिकवतोय, असं ती गल्लीभर सांगत फिरली होती.

जयवंताची मुलगी,
त्रिवेणी