लेबल आधी, पाणी नंतर

प्रिय ताई,

तू पाठवलेला फोटो मिळाला. कारखान्याच्या फाटकाला कुलूप, पुढे तू आणि मागे आपली अख्खी गल्ली. मी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. रोज सकाळी आधी कुलूप बघते, मग घालायचे कपडे बाहेर काढते. अकरा दिवस झाले, अजून मन भरत नाही.

कारखान्याविरुद्धच्या पहिल्या सुनावणीला मी मुद्दाम मालकाच्या समोरच्या बाकावर बसले. त्याला घाम फुटलेला बघायचा होता, आणि तो फुटला. बाबा गेले तेव्हा आपल्या घरी, बाबांच्याच खुर्चीत बसून तो म्हणाला होता, "उगाच विहिरीला नावं ठेवू नका, त्यांची तब्येत मुळातच नाजूक होती." तू त्याला दार दाखवलंस. मी त्याचा कप तीनदा विसळला आणि मग फोडला. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तीनदा विसळायची सवय बाबांचीच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिकाम्या बाटल्या मांडून ते आपल्याला नमुना घ्यायला शिकवायचे. ज्या पाण्याचा नमुना, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची. लेबल आधी, कोरड्या हाताने लिहायचं, पाणी नंतर. तू दुसऱ्या मिनिटाला पळून जायचीस, म्हणायचीस, बाबा पाणी भरतात की अत्तर? मी बसून राहायचे. नळ बंद केला ना, हे बघायला जिन्यावरून तीनदा परत जाणारी मी. तुम्ही मला शंकेखोर म्हणायचात ते काही चूक नव्हतं.

म्हणूनच आमच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत माझ्या सहीवर कुणी शंका घेत नाही. आपल्या विहिरीचा नमुना मी घेतला, मीच तपासला. मर्यादेच्या आत निघाला. अगदी काठावर, पण आत. तीनदा तपासला. त्याच दिवशी कारखान्याच्या मागच्या भिंतीशी, चोरपाइपाच्या तोंडाखाली भरलेली एक बाटली माझ्या पिशवीत होती. पंचांशिवाय घेतलेली, म्हणजे कागदोपत्री शून्य. मी विहिरीचं पाणी मोरीत ओतलं आणि या दुसऱ्या बाटलीवर विहिरीचं लेबल लावलं. हात ओले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लेबलाची शाई पसरली. सुनावणीत ती बाटली टेबलावर होती. सगळे मालकाकडे बघत होते, मी त्या शाईकडे.

तरीही मी गप्प बसले असते, ताई. मालकासाठी मला आजही काडीचं वाईट वाटत नाही. पण त्याने हात झटकले आणि सगळं खापर टाकीवाल्या काकांवर फोडलं. सांडपाण्याची टाकी तेच सांभाळतात. झडप त्यांनी उघडी ठेवली, म्हणून घाण विहिरीत गेली, असं त्याने लिहून दिलं. काका कोठडीत आहेत. बाबा दवाखान्यात असताना डबा घेऊन येणारे हेच काका. परवा मी काकूंकडे गेले. मला वाटलं, शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांची मुलगी खोटं लिहिणार नाही. यांच्याच हातून काहीतरी राहिलं असणार." अठ्ठावीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यापेक्षा त्यांनी माझ्या बाटलीवर विश्वास ठेवला. मी पाणीसुद्धा न पिता उठले.

उद्याच्या सुनावणीत मी सगळं सांगणार आहे. काका सुटतील. कुलूपही निघेल, आणि तो मालक तोंड वर करून त्याच फाटकातून आत जाईल. माझी नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल. गल्ली तुला जाब विचारेल, तेव्हा माझं नाव सांग. मला वाचवू नकोस.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. यापुढे माझ्या हातचा नमुना कुणी घेणार नाही, तो तुलाच घ्यावा लागेल. कारखाना सुरू झाला की आठवडाभर काही करू नकोस, त्याला निर्धास्त होऊ दे. चोरपाइप दुपारच्या भोंग्यानंतर, पाळी बदलताना उघडतो. दोन महिने मी तिथे उभी राहून बघितलंय. प्रयोगशाळेचा नवा माणूस आणि दोन पंच बरोबर घे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळ. घाई करू नकोस, चिडू नकोस. हात पूस, लेबल लिही, मगच पाणी भर. त्याला धर, ताई, पण असा धर की सुटायला त्याला माझ्यासारखं कुणी मिळू नये.

तुझीच,
शंकेखोर